मुंबईची वीज मुंबईच्याच अंगणात साठवा

मुंबईसाठी वीज साठवण्याची सोय शंभर वर्षांहून जुनी आहे, फक्त ती मुंबईत नाही. वळवण, शिरवता, मुळशी ही मावळ-मुळशीतली तळी म्हणजेच या शहराची पहिली बॅटरी. पावसाळ्यात ती भरतात. शहराला गरज लागेल त्या घटकेला पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पाइपांतून खाली सोडतात, आणि खोपोली, भिवपुरी, भिरा इथली जनित्रे काही मिनिटांत फिरू लागतात. खोपोलीचे केंद्र १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे, भिऱ्याचे १९२७ चे. साठवलेले पाणी म्हणजे साठवलेली वीज, हे तेव्हाच्या अभियंत्यांना नेमके कळले होते.

त्या साठ्याची किंमत कोणी दिली हेही नोंदलेले आहे. मुळशीच्या धरणात सुमारे पन्नास गावांची जमीन जाणार होती. १९२१ साली रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातच सेनापती बापट झाले. धरण व्हायचे ते झालेच. गावे पाण्याखाली गेली, आणि जे पाणी भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेकडे वाहिले असते ते कोकणात उतरले. भीमेच्या काठचे शेतकरी आजही त्या पाण्याचा हिशेब मागतात.

आता शहराला दुसऱ्या साठ्याची गरज पडली आहे, म्हणून हे आठवायचे. पुढच्या दहा वर्षांत मुंबईची बरीचशी वीज सूर्य आणि वाऱ्यापासून येणार. काही आजच येते: उपनगरांतल्या घरांसाठी जैसलमेरच्या ७०० मेगावॉटच्या सौर-पवन प्रकल्पाशी करार झालेला आहे. सूर्याची वीज दुपारी उतू जाते आणि दिवेलागणीला संपते. मधले अंतर भरायला साठा हवा. तो कुठे ठेवायचा, किती ठेवायचा आणि कोणासाठी, एवढाच प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की तो मुंबईच्या हद्दीत ठेवावा आणि त्याचे मोजमाप शहरातल्याच ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रातला कोळसा बंद करता येईल एवढे असावे. आपल्या दिव्यांचे ओझे पहिल्यांदाच आपल्या अंगणात ठेवण्याची संधी या शहराला मिळते आहे, ती दवडू नये.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकर विसरलेले नाहीत. दहाच्या सुमारास सगळे शहर बंद पडले. लोकल रुळांवर जागच्या जागी थांबल्या, माणसे रुळांतून चालत निघाली. करोनाचे दिवस होते. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना ऑक्सिजनचे यंत्र लावलेले होते, ते विजेवर चालणारे. वीज गेल्याबरोबर त्यांची सून जिन्यात येऊन ओरडली. आम्ही चौघांनी मिळून सिलिंडर शोधला, दोन गल्ल्या पलीकडे मिळाला. आजोबा वाचले. पण वीज ही सोय नसून श्वास असू शकते हे मला त्या पाऊण तासात कळले, आणि तेव्हापासून मी या विषयाकडे दुसऱ्या नजरेने पाहतो.

त्या दिवशी काय झाले? मुंबई स्वतः वीज बनवते ती तिच्या गरजेपेक्षा कमी, बाकीची कळवा-पडघ्याच्या बाजूने येणाऱ्या मोजक्या वाहिन्यांवरून येते. त्या वाहिन्या एकामागोमाग ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या. अशा वेळी शहराने बाहेरच्या ग्रिडपासून, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यापासून, सुटून आपल्यापुरते बेट होऊन जगावे, अशी व्यवस्था १९८१ पासून आहे. तिला आयलँडिंग म्हणतात, आणि तिने मुंबईला पूर्वी अनेकदा वाचवले आहे. या वेळी बेट तगले नाही, कारण बेटाच्या आत चालू असलेली निर्मिती आणि मागणी यांचा मेळ बसला नाही. ग्रिडचे हृदय सेकंदाला पन्नास ठोक्यांनी चालते. मागणी जास्त आणि वीज कमी झाली की ठोके मंदावतात, आणि ठरावीक मर्यादेखाली गेले की यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकेक करून बाहेर पडतात. हा सगळा खेळ काही सेकंदांचा असतो.

बॅटरीचे खरे मोल मला इथे दिसते. कोळशाचा थंड संच पेटवून पूर्ण भारावर आणायला तास लागतात. जलविद्युतला मिनिटे लागतात. बॅटरी सेकंदाच्या आत प्रतिसाद देते. ऑस्ट्रेलियातल्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात २८ सप्टेंबर २०१६ ला वादळाने मनोरे पाडले आणि सगळे राज्य अंधारात गेले. सव्वा वर्षाच्या आत ॲडलेडच्या उत्तरेला हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॉटची बॅटरी उभी राहिली. ती तेव्हा जगातली सर्वांत मोठी होती. उभारणीनंतर काही आठवड्यांत शेजारच्या राज्यातला कोळशाचा मोठा संच अचानक बंद पडला, तेव्हा हजार किलोमीटरवरच्या या बॅटरीने डोळ्याचे पाते लवायच्या आत ग्रिडला आधार दिला. तिला दिखाऊ खेळणे म्हणणाऱ्यांना हे उत्तरच होते. २०२० मध्ये तिची क्षमता १५० मेगावॉट केली गेली.

मुंबईला मात्र हॉर्न्सडेलपेक्षा सिडनीचा धडा जास्त लागू आहे. सिडनीच्या उत्तरेला मुन्मोरा नावाचे जुने कोळशाचे वीजकेंद्र होते. ते पाडून त्या जागेवर ८५० मेगावॉटची वाराता बॅटरी उभारली. तिचे मुख्य काम वीज विकणे नाही. सिडनीकडे येणाऱ्या वाहिन्या एरवी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. एक तुटली तर दुसरीवर अचानक भार पडेल म्हणून काही भाग रिकामा ठेवावा लागतो. ‘काही झाले तर मी आहे’ असा भरवसा बॅटरीने दिला की त्याच तारांतून जास्त वीज आणता येते. अरुंद दारांच्या शहराला याहून उपयोगाची गोष्ट नाही. मुंबईला खारघर-विक्रोळीची ४०० केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी २०२३ च्या ऑक्टोबरात मिळाली, ती मिळायला किती वर्षे गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. खाडी, कांदळवन, झोपडपट्टी, जमिनीचे भाव यांतून नवी तार टाकणे इथे दशकाचे काम असते. बॅटरी दीड-दोन वर्षांत उभी राहते.

आपल्याकडे सुरुवात झालेली आहे. दिल्लीत किलोकरीच्या सबस्टेशनच्या आवारात २० मेगावॉटची बॅटरी २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली, तीही दक्षिण दिल्लीच्या दाट वस्तीत. त्याच वर्षी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने टाटा पॉवरला मुंबईत दहा ठिकाणी मिळून १०० मेगावॉटच्या बॅटऱ्या उभारायला परवानगी दिली. पूर्ण अंधार झाला तर बाहेरच्या मदतीशिवाय ग्रिड पुन्हा उभे करण्याची क्षमताही त्यांत असणार आहे. मी या निर्णयाचे मनापासून स्वागत करतो. पण मुंबईची मागणी उन्हाळ्यात ४,००० मेगावॉटच्या वर जाते. शंभर मेगावॉट म्हणजे त्याचा चाळिसावा हिस्सा. अंधाराच्या पहिल्या मिनिटांसाठी तो मोलाचा आहे, पण शहराची वीज बदलायची असेल तर फार तोकडा.

मग किती लागेल? ट्रॉम्बेला कोळशाचे दोन संच आहेत, ५०० मेगावॉटचा पाचवा आणि २५० चा आठवा. दोन्ही मिळून ७५०. संध्याकाळचे चार तास त्यांच्या जागी उभे राहायचे तर ३,००० मेगावॉट-तास, म्हणजे ३० लाख युनिट साठवावे लागतील. आज बाजारात मिळणारी वीस फुटी कंटेनरएवढी बॅटरीची पेटी साधारण ५ मेगावॉट-तासांची असते. म्हणजे सहाशे पेट्या. न्हावाशेव्याला लागणाऱ्या एका मोठ्या जहाजावर याच्या कितीतरी पट कंटेनर असतात. मधली मोकळी जागा, रस्ते, ट्रान्सफॉर्मर धरून काही हेक्टर जमीन लागेल, आणि ती एका जागी असण्याची गरज नाही. सबस्टेशनांची आवारे आहेत, आणि खुद्द ट्रॉम्बेची जागा आहे, जिथे जाडजूड तारा आधीच येऊन पोहोचलेल्या आहेत.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण बॅटरीचे कैवारी ती सांगायचे टाळतात. चार तासांची बॅटरी चोवीस तासांच्या संचाची जागा घेत नाही. ७५० मेगावॉटचे संच पूर्ण दिवस चालले तर १८,००० मेगावॉट-तास देतात, त्यांतले फक्त ३,००० बॅटरीत मावतात. उरलेली वीज बाहेरूनच येणार. म्हणून तारा हव्यातच, खारघर-विक्रोळीसारख्या, कुडूस-आरेसारख्या. बॅटरी त्या तारांचे काम हलके करते, त्यांना पर्याय होत नाही. आणि जुलैत आठ दिवस सूर्य दिसला नाही तर? तेव्हा बॅटरी काहीच करू शकत नाही. पण महाराष्ट्राच्या निसर्गाने याचे अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. ज्या महिन्यांत ऊन नसते त्याच महिन्यांत साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या आणि धुळ्याच्या साक्रीकडच्या पठारांवर वारा उधाणलेला असतो, आणि त्याच महिन्यांत कोयना आणि मावळातली तळी भरत असतात. आठवड्यांचा साठा पाण्याचा आणि तासांचा साठा बॅटरीचा, अशी ही वाटणी आहे.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर उदंचन प्रकल्पांबद्दल. दिवसा पाणी वर चढवायचे, रात्री खाली सोडायचे. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे, भिऱ्यालाही एक संच त्याच पद्धतीने चालतो. आता शिरवत्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटचे प्रकल्प ठरले आहेत, आणि सह्याद्रीत आणखी कितीतरी ठिकाणांचे करार झाले आहेत. असलेल्या तळ्यांचा वापर होत असेल तर माझी हरकत नाही. उदंचनाचे आयुष्य बॅटरीच्या अनेकपट असते. पण घाटमाथ्यावरचे नवे जंगल फोडून, नवी वाडी उठवून मुंबईची रात्र उजळायची असेल तर आधी शहराने स्वतःच्या हद्दीत किती साठवले ते विचारायला हवे. मुळशीला हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती, कारण तेव्हा शहरात ठेवता येईल असा साठाच नव्हता. आज आहे.

पैशांचा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा, अवघड नाही. २०२२ साली केंद्र सरकारच्या सोलर एनर्जी कॉर्पोरेशनच्या निविदेत दोन तासांच्या साठ्याचे एका मेगावॉटमागे महिन्याचे भाडे १० लाख ८३ हजार रुपये निघाले. २०२४ संपता संपता, अनुदान धरून, असे दर अडीच लाखांच्या खाली आले. एक मेगावॉट दोन तास म्हणजे रोज २,००० युनिट, महिन्याला ६०,०००. तेव्हा एका युनिटच्या साठवणीला अठरा रुपये पडत होते, आता चार. साठवताना शंभरातले पंधराएक युनिट वाया जातात, म्हणून अडीच रुपयांची सौरवीज तीनची होते. म्हणजे दुपारचे ऊन रात्री सात रुपयांत. तीच बॅटरी रात्रीच्या वाऱ्यावर भरून सकाळी दुसऱ्यांदा वापरली तर पाच रुपयांत. उन्हाळ्याच्या संध्याकाळी वीजबाजारातला भाव दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो, आणि त्याच दिवशी दुपारी राजस्थानात तार अपुरी म्हणून तयार सौरवीज सोडून द्यावी लागते. हे चित्र डोळ्यांसमोर असताना ‘बॅटरी परवडत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. २०२२ मध्ये ते खरे होते.

‘पण या बॅटऱ्या चिनी’, हा आक्षेप खरा आहे. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे सेल जगभर बहुतांश चीनमधूनच येतात, आणि आपले कारखाने उभे राहायला वेळ लागेल. पण ट्रॉम्बेत जळणारा कोळसा कुठला? तोही परदेशातला, इंडोनेशियाहून जहाजाने येणारा. पेटी एकदा आणली की पंधराएक वर्षे आपली. कोळशाचे जहाज यायचे थांबले की काही आठवड्यांत संच थंड. परावलंबन दोन्हींत आहे, पण एक खरेदीच्या दिवशीचे आणि दुसरे रोजचे.

आगीची भीती मात्र मी हलकी करणार नाही. १६ जानेवारी २०२५ ला कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या ३०० मेगावॉटच्या बॅटरीकेंद्राला आग लागली. हजाराहून जास्त लोकांना घरे सोडायला लावली, महामार्ग बंद केला. ते केंद्र जुन्या वीजगृहाच्या बंद इमारतीत होते, हजारो सेल एकाच छताखाली, आणि रसायनही निकेलचे, जे लवकर भडकते. लोहाच्या फॉस्फेटचे रसायन त्यामानाने शांत, पण अजिबात पेटत नाही असे नाही. धडा सरळ आहे: इमारतीत कोंबायचे नाही. वेगवेगळ्या पेट्या उघड्यावर, एक पेटली तर शेजारची पेटणार नाही एवढ्या अंतराने. मुंबईत जमिनीचा भाव पाहून कोणीतरी बहुमजली बॅटरीगृहाची कल्पना काढणार, ती पहिल्याच दिवशी हाणून पाडली पाहिजे. अग्निशमन दलाला आधी प्रशिक्षण, वस्तीला आधी माहिती. शिवाय २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता हे लक्षात ठेवून चौथरे त्याच्या पाणरेषेच्या वर. मरून गेलेल्या बॅटऱ्यांचे काय हेही आज ठरवावे. २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर त्या परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. ती प्रत्यक्षात आली नाही तर सेल फोडायचे काम धारावीतल्या एखाद्या पोराच्या उघड्या हातांवर येईल. तसे झाले तर ओझे पुन्हा दुसऱ्यावरच ढकलले, असे म्हणावे लागेल.

ओझ्याबद्दल मी पुनःपुन्हा बोलतो आहे, कारण मुंबईच्या विजेची सगळी कहाणी त्याचीच आहे. मुळशी झाली. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, आणि काही वर्षांतच तिथे मुंबईसाठी ५०० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र चालू झाले, चिकूच्या वाड्या आणि वारल्यांच्या पाड्यांच्या शेजारी. ट्रॉम्बे तर शहरातच, पण मलबार हिलपासून दूर, शहराच्या एका कोपऱ्यात. माहुल-चेंबूरला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि वीजकेंद्र एका कुंपणाला लागून आहेत, आणि प्रकल्पग्रस्त म्हणून तिथे आणून टाकलेली कुटुंबे ‘आम्हाला इथून बाहेर काढा’ म्हणून उच्च न्यायालयापर्यंत गेली. कोळसा बंद करण्याच्या तारखा जाहीर होतात आणि पुढे जातात. दर वेळी कारण तेच दिले जाते, की मुंबईला वीज पुरणार नाही. हे कारण खोडून काढण्याएवढा साठा शहरात उभा करणे, हेच माझ्या मते बॅटरीचे पहिले सार्वजनिक काम आहे.

दुसरे काम संध्याकाळचे. आता स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसा, नऊ ते पाच, वीज स्वस्त. कल्पना चांगली आहे, पण त्या वेळात घरी कोण असते? गोवंडीतली घरकाम करणारी बाई दुपारी दुसऱ्याच्या घरचे मशीन लावते. तिच्या घरी पंखा, टीव्ही, मिक्सर चालतात ते सातनंतर. तिला वापर दुपारी सरकवता येत नाही. तेव्हा दुपारच विजेच्या रूपाने तिच्या संध्याकाळपर्यंत आणून द्यावी लागेल, आणि ते बॅटरी करू शकते. पण साठ्याचा फायदा जर बाजारात चढ्या भावाने विकून कंपनीच्या ताळेबंदात गेला आणि खर्च तेवढा वीजबिलातून वसूल झाला, तर तिला काहीच मिळणार नाही. म्हणून आयोगाने परवानगी देतानाच लिहून घ्यावे: साठा आधी शहरासाठी, संकटात आधी लोकल, रुग्णालये आणि पाण्याचे पंप, नफा झाला तर त्यातला मोठा वाटा दरकपातीत. आणि साठ्याचे नियोजन चार कंपन्यांचे चार नसावे. बेस्ट, टाटा, अदानी, महावितरण यांच्या सीमा नकाशावर आहेत. १२ ऑक्टोबरला अंधार त्या सीमा बघून पडला नव्हता.

नियामक आयोगाच्या दरसुनावणीत कोणाही ग्राहकाला सूचना आणि हरकती देता येतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर, बारीक टायपात त्याची जाहिरात येते. आपण ती उलटून पुढे जातो. पुढची येईल तेव्हा मी माझी हरकत मराठीत लिहून देणार आहे, आणि तिच्यात पहिला प्रश्न हा असेल: ट्रॉम्बेचा पाचवा संच कोणत्या तारखेला बंद होणार, आणि त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता त्याच्या जागी किती मेगावॉटचा साठा, कोणकोणत्या सबस्टेशनात, किती तास चालू असणार?